विहिरीवरचं निशाण

चिंचेचं टेकाड
१२ जानेवारी २०२५

करिष्मा,

आशीर्वाद लिहावा का न्हाई, ह्यातच एक कागद वाया गेला. म्हणून लिहीतच न्हाई. तुला पायजे असंल तर घे, नको असंल तर ऱ्हाऊ दे.

पत्ता शिवशंकरनं दिला. तुझा चुलतभाऊ असला म्हणून काय झालं, बेणं लई पक्कं हाय. चार महिने दाद लागू दिली न्हाई. शेवटी म्हणला, "काका, फोन नंबर देणार न्हाई, आन् दिला तरी ती उचलायची न्हाई. लिहायचं तर कागदावर लिहा." तू नाशिकला दवाखान्यात सिस्टर झालीस हे बी त्याच्याकडनंच कळलं. लई बरं वाटलं. पेढे वाटावं म्हणलं, पण कुणाला काय सांगून वाटू?

आमी औंदा पुन्हा गाळपेऱ्याला आलोत. आठ वर्षांनी. तुझ्या आज्याची जमीन धरणात गेली, पण दरसाल संक्रांतीच्या आसपास पाणी मागं सरकतं न् ती चार महिने उघडी पडती. ती काळी ओली जमीन बघितली की मला घरात बसवत न्हाई, हे तुला मी काय सांगू! खरबूज, टरबूज, काकडी. बी टोचायचं न् रानडुकरं राखत बसायचं. तुझी आई नको म्हणत होती. म्हणलं, मी एकटा जातो. तर पाण्याच्या कडेला येऊन उभी, डोक्यावर पिठाचं गाठोडं न् हातात तवा. चप्पूवर चढताना माझा हात बी धरला न्हाई.

चप्पू नवा बांधलाय. थर्माकोलचे आठ तुकडे, वरून ताडपत्री, भवताली बांबूची चौकट. पण आता वल्हं मारताना माझा खांदा कुरकुर करतो. पलीकडं पोचायला पूर्वी अर्धा तास लागायचा, परवा दीड तास लागला. मधीच थांबून दम खाल्ला तर तुझी आई म्हणली, "इथंच खोप टाकायची का?" ऐकू कमी येतं तिला आता, पण जीभ शाबूत हाय.

तिच्या पत्र्याच्या पेटीत ताडपत्रीला दोरी हुडकताना तुझी वही सापडली. तळांची वही. तू पाचवीत असताना सुरू केलीतीस. दरसाली जिथं जिथं खोप टाकली त्या तळाला दहापैकी मार्क. जळण किती, वारा कसा, डास किती, झिऱ्याचं पाणी गोड का मचूळ, सगळं खाली लिहिलेलं. चिंचेच्या टेकाडाला नऊ दिलेत. एक मार्क मुंगळ्यांनी खाल्ला असं लिवलंय. मी वाचून एकटाच हसलो. तुझी आई म्हणली, काय झालं? म्हणलं, काय न्हाई.

तिनं तुझं नाव आठ वर्षांत काढलं न्हाई. मी बी काढलं न्हाई. मुंगळे अजून हायेत.

आबा


चिंचेचं टेकाड
२ फेब्रुवारी २०२५

करिष्मा,

उत्तर आलं न्हाई. येणार न्हाई हे ठावं होतं, तरी शिवशंकरला तीनदा इचारलं.

बी उगवलंय. दोन पानांवर हाय. बगळे येऊन उगाच चालून जातात न् मला शिव्या द्याव्या लागतात. आमी दोघंच, त्यामुळं बोलायला बगळेच हायेत.

वही रोज एक पान वाचतो. मसणवट्याचं पान वाचलं. आठवतं का? बुडालेल्या गावची मसणवट वर आलती त्या साली. उंच, कोरडी, डास एक न्हाई, जळण हाताशी. तू दहापैकी दहा दिलेतेस. आन् आपला सुरज! चार दिवस गप्प बसला न् पाचव्या दिवशी तू भाकर खात असताना म्हणला, "करे, तू जिथं बसलीस तिथं आपल्या पणज्याला जाळलंतं." तू भाकर टाकून पळालीस. वहीत दहा खोडून शून्य केलंय. त्याच्याखाली दुसऱ्या पेनानं सात. खाली लिवलंय, "पणजोबा त्रास देत नाहीत." माझे आई, किती हसवलंस तू मला!

देवळाच्या चौथऱ्याला साडेनऊ. दगड दिवसभर तापायचा न् संध्याकाळी त्याच्यावर आडवं झालं की पाठ शेकून निघायची. सुरज तिथं गाणी म्हणायचा. एक सूर जागेवर न्हाई. बंकट पलीकडच्या तळावरनं वरडायचा, "काय बे, म्हशीला कोण मारायलं?" बंकटचं पाल शेजारी असलं की तुझी आई निर्धास्त असायची, कारण बंकटला पाण्यातलं समद्यात जास्त कळायचं.

त्यानंच ती रीत आपल्याला लावलीती. तळावर उतरलं की चूल मांडायच्या आधी विहिरीवर निशाण. आपल्या शिवारात जुन्या विहिरी बुडालेल्या. पाणी मागं सरकलं की तोंडं उघडी पडायची, कठडे गेलेले, आत गाळ न् लोकांनी ढोरं पडू नयेत म्हणून टाकलेल्या बाभळीच्या फांद्या. दिवसा दिसती, पण पाणी हातभर चढलं की कुठली विहीर न् कुठलं रान, काय कळत न्हाई. म्हणून उंच बांबू रोवायचा न् शेंड्याला लाल फडकं. आन् ते रोवायचं घरातल्या लेकीनं. लेकीच्या हातचं निशाण पाणी पाळतं म्हणायचे. तू आठ वर्षांची असल्यापासून रोवायचीस. आईच्या फाटक्या लुगड्याची पट्टी दातानं फाडायचीस. बांबू हलवून बघायचीस, मग आमाला हलवून बघायला लावायचीस. तवाच चूल पेटायची.

औंदा तुझ्या आईनं निशाण रोवलं. मी हलवून बघितलं न्हाई.

आबा


चिंचेचं टेकाड
२३ फेब्रुवारी २०२५

करिष्मा,

आज बाभळबनाचं पान. दहापैकी एक. "एक पण जास्त आहे." काय सांगू, त्याच्यासारखा वाईट तळ आपण टाकलाच न्हाई. काटे, डास, पाणी मचूळ, आन् डुकरं रोज येऊन आपल्यालाच हुसकून लावायची. मी त्या तळावर अडून बसलतो, कारण जमीन लई सुपीक होती. तुझ्या आईनं सांगितलंतं, हलवा इथनं. ऐकलं न्हाई. माझं तसंच असतं, तुला ठावं हाय.

तिथंच सुरजला इंचू चावला. पिठाच्या पोत्यात हात घातला न् लागला लोळायला. मी बंकटच्या चप्पूवर गावात गेलतो. तू तेरा वर्षांची. आई नुसती छाती पिटायली. आन् तू त्याला चप्पूवर घातलं, मनगटाला आईचा पदर फाडून बांधला न् एकटीनं वल्हं मारत पलीकडं आणलं. बंकट म्हणला, "ही पोरगी रडत नव्हती, मोजत होती. वल्ह्याचे हात मोजत होती. पाचशे बारा." सुरज दोन दिवसांनी बरा झाला न् सगळ्यांना सांगत सुटला, माझ्या बहिणीनं मला आणलं. तुला 'ड्रायव्हर' म्हणायला लागला.

हे मी कशापायी लिहायलो? हे वाचताना माझ्या ध्यानात आलं, अशी पोरगी काम इसरंल का? एकदा तरी इसरली का? दूध उतू गेलं न्हाई तुझ्या हातनं. आन् सगळ्या गावानं मानलं, की तू निशाण रोवायचं इसरलीस. तुझ्या आईनं मानलं. दहाव्याला सगळ्या पाहुण्यांसमोर ती म्हणली, "हिनं फोनात मुंडी घालून बसायच्या नादात माझं लेकरू खाल्लं." मी तिथंच बसलतो, पिंडापाशी.

वहीच्या शेवटच्या पानावर नुसतं तळाचं नाव हाय. 'मळई, २०१७'. मार्क न्हाईत. ते पान मी रोज उघडतो न् मिटतो.

आज एवढंच. हात दुखायला.

आबा


चिंचेचं टेकाड
९ मार्च २०२५

करिष्मा,

दोन कागद फाडले. आता फाडणार न्हाई. जसं येईल तसं लिहितो, तू अक्षराला हसू नको.

निशाण तू रोवलंतं.

मळईवर उतरलो त्याच दिवशी, चूल मांडायच्या आधी. मी हलवून बघितलंतं. पक्कं होतं. मी ते उपसलं.

आता कसं झालं ते सांगतो. मार्चात माझी तंबाखू संपली. आदल्या दिवशी वल्हं मोडलंतं. पलीकडं जायला चप्पू ढकलायला कायतरी लांब पायजे होतं. तुमी तिघं वरच्या अंगाला खुरपीत होता. विहीर दिवसाढवळ्या समोर दिसत होती, आंधळ्याला बी कळावी अशी. म्हणलं, तासाभराची बाब. बांबू उपसला, फडकं गुंडाळलं न् त्यानंच चप्पू ढकलत गेलो. पलीकडं तंबाखू मिळाली, बंकटनं नवं वल्हं दिलं. येताना नवं वल्हं मारत आलो न् बांबू तिथंच काठावर बाभळीला टेकवून ऱ्हायला. इसरलो म्हणलं असतं, पण तसं बी न्हाई. दुसऱ्याच दिवशी आठवलं. म्हणलं, उद्या आणू. मग म्हणलं, पाणी कुठं चढायलंय. तुमचं खुरपण वरच्याच अंगाला चाललंतं, खाली विहिरीकडं कुणी फिरकलं न्हाई. असे आठ दिवस गेले.

तेवढ्यात वरच्या धरणातनं कालव्यानं आपल्या धरणात पाणी सोडणार अशी खबर आली. हे बी मला ठावं होतं. पाणी हळूहळू चढतं, आपल्याला दोन दिवस मिळत्याल, तवर खालची खरबुजं तोडून घेऊ म्हणलं. पिकायला आठच दिवस कमी होते. सकाळी उठलो तर खालच्या सऱ्या पाण्यात. सुरज टोपली घेऊन पाण्यात उतरला. त्याला निशाण दिसलं न्हाई. निशाण दिसंना म्हणजे विहीर अजून पुढं हाय, असं त्यानं धरलं असंल. त्याची काय चूक? आपण लहानपणापासून त्याला हेच शिकवलंतं, की निशाणाच्या अलीकडं भ्यायचं काम न्हाई.

तो पोहणारा गडी होता. पण आत बाभळी होत्या.

बंकटनं तीनदा बुडी मारून त्याला वर आणलं. आणल्या आणल्या त्यानं पहिलं काय इचारलं ते तुला आठवत असंल. "निशाण कुठंय?" तू म्हणलीस, "मी रोवलंतं." आई म्हणली, "कुठं रोवलंतंस? दाव!" तू वेड्यासारखी पाण्यात हात घालून बांबू हुडकायलीस. मग माझ्याकडं वळलीस. तुझे केस वले होते, हाताला काटे लागून रगत आलतं. तू म्हणलीस, "आबा, तुमी हलवून बघितलंतं ना? सांगा की आईला."

मी म्हणलं, "मला न्हाई आठवत."

हे तीन शब्द. त्यावर आठ वर्षं मी या घरात जेवलोय.

राख सावडून आल्यावर मी एकटा पलीकडच्या काठाला गेलो. बांबू तिथंच होता. मोडून चुलीत घातला. फडकं पाण्यात सोडलं. तुला एकदा वाटलं असंल, आपणच इसरलो का काय? सगळे म्हणायलेत तर तसंच असंल? असं वाटलं असंल तर ते मी केलंय. तू इसरली न्हाईस. तू कधीच काय इसरली न्हाईस.

माफ कर लिहायची लाज वाटती, म्हणून लिहीत न्हाई. खाली आबा लिहायला बी हात धजंना.

राधाकिशन


चिंचेचं टेकाड
२४ मार्च २०२५

करिष्मा,

तुझं कार्ड आलं. शिवशंकर चप्पूनं इथवर घेऊन आला. आठ वर्षांनी तुझं अक्षर बघितलं. एकच ओळ. "आईला सांगितलं का?" खाली नाव बी न्हाई.

न्हाई सांगितलं.

तिचं बीपी वाढलंय. त्यात डाव्या कानानं काहीच ऐकू येत न्हाई. खरबुजं धरलीत, तोडणी आठ दिवसांवर आलीय, पाडवा तोंडावर आलाय. तोडणी झाली की निवांत बसून सांगू म्हणलं.

वर लिवलेलं आता मीच वाचलं. 'उद्या आणू' म्हणणारा माणूस हाच. तुला दिसलं असंल, तू लगेच वळखलं असशील.

सांगतो.

राधाकिशन


चिंचेचं टेकाड
पाडवा, ३० मार्च २०२५

करिष्मा,

सांगितलं.

सकाळचे नऊ वाजले असत्याल. तुझी आई खरबुजांखाली पाचट सारत बसलीती, फळाला वल लागू नये म्हणून. आसपासच्या तळावरचे लोक बी आपापल्या सरीत. बंकट, त्याची बायको कडूबाई, आणखी दोन घरं. मी तिच्यापासनं चार सऱ्या लांब उभा. जवळ जायचं धाडस झालं न्हाई.

म्हणलं, "भिवरा, निशाण मी उपसलंतं."

"आँ?"

"निशाण. मळईवरचं."

"काय पुटपुटायलात? मोठ्यानं बोला की. तोंडात काय हाय?"

तोंडात काय हाय, म्हणली. करिष्मा, मागच्या पत्रात मी एक गोष्ट लिवली न्हाई. तुला बी लपवली. आता आईला सांगून बसलोय तर तुला बी सांगतो. त्या सकाळी सुरज आंधळ्यासारखा पुढं गेला न्हाई. तो थांबलाता. मांडीइतक्या पाण्यात थांबून माझ्याकडं वळून वरडला, "आबा, निशाण कुठंय? दिसंना." मी चप्पूवर होतो, पन्नास हातांवर. तोंडात तंबाखूचा बार होता. नुकताच भरलाता. बोलायचं तर थुंकावा लागला असता. मी हात हलवला, जा म्हणून. मला वाटलं विहीर अजून लांब हाय. तो गेला.

बस. एवढंच. थुंकायचा आळस. त्या दिवसापासनं मी तंबाखूला शिवलो न्हाई. लोक म्हणले, पोराच्या दुःखानं सोडली. मी म्हणू दिलं.

तर तुझ्या आईनं इचारलं तोंडात काय हाय, आन् माझ्यात कायतरी फुटलं. मी वरडून सांगितलं. तिला ऐकू जावं म्हणून जेवढा दम होता तेवढा लावला. बांबू मी उपसला, तंबाखूसाठी उपसला, पोरीनं रोवलाता, पोरानं इचारलंतं, मी हात हलवला, पोरीनं साक्ष मागितली, मी खोटं बोललो. एकेक गोष्ट दोन-दोनदा वरडलो, कारण ती "आँ?" म्हणत होती. सगळ्या तळांवरचे लोक उभे ऱ्हायले. बंकट पाण्याच्या कडेला हातात दोरी घेऊन उभा, त्याच्या तोंडाकडं मला बघवंना.

शेवटी तिला ऐकू गेलं.

तिनं पाचट खाली ठेवलं. हात पदराला पुसले. म्हणली, "पोरीनं रोवलंतं?"

"रोवलंतं."

"तुमी बघितलंतं?"

"माझ्या हातानं हलवून बघितलंतं."

 मला वाटलं मारंल, दगड घालंल. मी तयार होतो. रडली बी न्हाई. उठली, खोपीत गेली, आपलं लुगडं न् वाटी-ताट गाठोड्यात बांधलं. म्हणली, "मला पलीकडं सोडा."

दीड तास वल्हं मारलं. ती माझ्याकडं पाठ करून बसलीती. मधी एकदा मी म्हणलं, "भिवरा." तिनं मान वळवली न्हाई. आता ऐकू आलं न्हाई का आलं, ते मला कधीच कळायचं न्हाई.

पलीकडं उतरली तवा पहिल्यांदा माझ्याकडं बघितलं. म्हणली, "एक लेकरू पाण्यानं नेलं. दुसरं तुमी नेलं. आन् ते माझ्या तोंडून नेलं तुमी. माझ्या जिभेनं माझ्या लेकीला हाकललं." मग तिथंच चिखलात बसली न् मोठ्यानं रडायली. तुझं नाव घेऊन रडायली, करिष्मा. करे, करे, करत. आठ वर्षांचं एकदम. मी जवळ गेलो तर म्हणली, "हात लावू नका."

कडूबाई मागनं दुसऱ्या चप्पूनं आली न् तिला धरून आपल्या घरी घेऊन गेली. मी माघारी आलो. खरबुजं तोडायला कुणी न्हाई. बंकट आला न्हाई, येणार बी न्हाई. रानात पिकलेल्या खरबुजांचा वास सुटलाय न् डुकरं जवळ यायलीत. मी हुसकलं न्हाई. खाऊ दे म्हणलं.

राधाकिशन


गाव
१ एप्रिल २०२५

करिष्मा,

हे पत्र स्पीडपोस्टनं टाकायलो, म्हणजे सोमवारच्या आधी पोचंल.

मी माझ्यासाठी काय मागत न्हाई. तू मला लिहू नको, मी वाट बघणार न्हाई. खोटं लिवलं, बघंन, पण तू लिहू नको. गावात आता सगळ्यांना ठावं झालंय. चावडीपुढनं गेलो तर लोक बोलायचे थांबतात. तुला जो बोल आठ वर्षं लागला तो आता जिथं लागायचा तिथं लागलाय. शिवशंकरनं चौघांत मला इचारलं, "काका, हे खरं का?" मी म्हणलं, खरं. चौघांत म्हणलं.

तुझी आई कडूबाईकडंच हाय. घरी यायला तयार न्हाई. मी भाकरी घेऊन गेलतो, दारातनं परत पाठवलं. ठीक हाय.

ती तुझ्याकडं यायलीय. सोमवारी, सात तारखेला. शिवशंकर तिला बीडला नेऊन सकाळच्या नाशिकच्या गाडीत बसवणार हाय, दुपारी तीन-चारच्या सुमारास पोचंल. आजवर कधी एकटी तालुक्याला गेली न्हाई. मी कडूबाईच्या हाती निरोप धाडला, शिवशंकरला सोबत घे. न्हाई म्हणली. म्हणली, पोरगी एकटीच गेलती ना, मग मी बी एकटीच जाणार. मला स्टँडवर यायची मनाई हाय.

तुझा पत्ता कागदावर लिहून तिच्या पदराला बांधायला दिलाय. पण ती कुणाला दावणार न्हाई, लाजंल. तू स्टँडवर जा. तुझी ड्युटी असंल तर कुणाला तरी बदली माग. तू न्हाई आलीस तर ती परतीच्या गाडीत बसणार न्हाई, बाकड्यावर बसून ऱ्हाईन म्हणती. तिच्यावर राग असंल तर तो तुझा हक्क हाय, पण तो तिला घरी नेल्यावर काढ. अर्धा तर माझ्या वाट्याचा हाय, तेवढा वजा कर.

कडूबाईनं इचारलं, एवढ्या लांब जाऊन पोरीला काय सांगणार? तर म्हणली, "सांगायला न्हाई, तिच्या पाया पडायला जायलेय."

तिचे गुडघे गेलेत, करिष्मा. खाली वाकली की तिला उठता येत न्हाई. वाकायच्या आधीच धर.

राधाकिशन